धंद्याच्या पंचायती आणि कामकऱ्याचा जीव

ता. ११ मे २०२३ रोजी परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे, एका शेतातील मैल्याची टाकी साफ करण्यास सहा मजूर गेले. त्यांपैकी पाच गुदमरून मेले. सहावा कसाबसा वाचला. या गोष्टीची बातमी राज्यभर झाली, लोक हळहळले आणि पुढे जसे नेहमी होते तसे विसरून गेले. दोष कोणा एकाचा ठरविणे हे न्यायकोर्टाचे काम आहे. त्यात आम्ही शिरत नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते वेगळेच. आमच्या जिल्ह्यात धंद्याच्या सभा, संघ, मंडळे आणि समित्या यांचा तोटा नाही. अडत्यांचा संघ आहे, जिनिंगवाल्यांचा आहे, कंत्राटदारांचा आहे, हमालांचा आहे. त्या दिवशी टाकीच्या तोंडाशी उभे राहून “थांबा, खाली उतरू नका” असे म्हणण्याचा अधिकार आणि कर्तव्य यांतल्या कोणाचे होते? उत्तर एकच: कोणाचेही नव्हते.

कायदा नव्हता म्हणून असे झाले, असे मात्र कोणी म्हणू नये. हाताने मैला उपसण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. त्याच्या ७ व्या कलमाने कोणाही माणसास किंवा संस्थेस दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून गटार वा मैल्याची टाकी साफ करविण्याची मनाई आहे. ९ व्या कलमाने पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. नियमांत तर संरक्षणाच्या ४४ प्रकारच्या साधनांची यादीच दिली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात अशा मृत्यूबद्दल वारसांस १० लाख रुपये देण्यास सांगितले आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख केली. म्हणजे कायदा आहे, शिक्षा आहे, भरपाईही आहे. नाही ते एवढेच, की दिल्लीतल्या कायद्यापासून शेतातल्या टाकीपर्यंत पोहोचणारा हात. हा हात कोणाचा असावा? धंद्याच्या स्वतःच्या पंचायतीचा असावा, असे जगात पुष्कळ ठिकाणी मानले जाते. आमच्याकडील पंचायती हे काम कितपत करतात, हे आज तपासावयाचे आहे.

प्रथम हे काम किती साधे आहे ते पाहू. बंद टाकीत मैला कुजतो आणि त्यातून विषारी वायू निघतात. त्यांपैकी हायड्रोजन सल्फाइड हा सर्वांत दगलबाज. तो थोडा असता कुजक्या अंड्यासारखा वास येतो; पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते आणि माणसास वाटते, घाण गेली, आता उतरण्यास हरकत नाही. तेथेच घात होतो. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. त्यातच प्राणवायू कमी असतो. बाहेरच्या हवेत तो शेकडा २१ च्या सुमारास असतो, १९.५ च्या खाली गेला की ती जागा कामास धोक्याची समजतात. पहिला माणूस कोसळतो, दुसरा त्याला धरावयास उतरतो, त्याच्यामागे तिसरा. अशा अपघातांत एकाऐवजी तीन-चार प्रेते निघतात ती भित्रेपणामुळे नव्हे, तर माणुसकीमुळे. आमच्याकडे जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची चाल आहे. विझला तर उतरू नये, हे त्या विहिरीपुरते ठीक. परंतु मैल्याच्या टाकीत ज्वालाग्राही वायूही असतो. तेथे कंदील सोडणे म्हणजे स्फोटास निमंत्रण देणे. एवढे ज्ञान अर्ध्या तासात कोणाही अडाणी समजल्या जाणाऱ्या मजुरास सांगता येते. ते त्याला कोणी सांगितले नाही, कारण त्याच्या धंद्याचा जाणता असा कोणी नेमलेलाच नाही.

आता आमच्या देशातली सर्वांत जुनी धंद्याची पंचायत घ्या. ती म्हणजे जातपंचायत. तिचा गौरव करणारे विद्वान सांगत असतात की जातिभेद म्हणजे श्रमविभाग. प्रत्येक जात म्हणजे एकेका धंद्याचा संघ. त्या संघाने धंद्याचे रक्षण केले. ठीक आहे, संघ म्हणून तिचा हिशेब पाहू. या संघाने कोणी कोणाच्या पंगतीस बसावे ते ठरविले. कोणाच्या मुलीने कोठे नांदावे ते ठरविले. कोणी दुसऱ्याच्या हातचे पाणी प्याला तर दंड घेतला, वाळीत टाकले. परंतु जीर्ण दोर देऊन पोरास विहिरीत सोडणाऱ्यास जातीबाहेर टाकल्याचे कोणी कधी ऐकले आहे काय? चामडे कमावताना ज्याचे हात सडले, भट्टीपुढे ज्याचे डोळे गेले, त्याच्यासाठी या संघाने कोणता नियम केला? एकही नाही. धर्माने उलट त्याची समजूत घातली की हे तुझ्या मागच्या जन्माचे फळ आहे. अपघाताचे कारण मागच्या जन्मात सापडले की या जन्मातला दोर तपासण्याची गरज कोणास राहते? भिक्षुकशाहीने कामकऱ्याची जी अनेक नुकसाने केली, त्यांत हे एक मोठे आहे, की मृत्यूचे कारण शोधण्याची त्याची बुद्धीच तिने मारून टाकली.

दुसरे नुकसान याहून खोल आहे. धंदा जन्माने मिळतो म्हटल्यावर त्यात शिक्षण नको, परीक्षा नको, परवाना नको. जन्म हाच दाखला. म्हणून ज्या कामात सर्वांत जास्त कौशल्य आणि सावधगिरी पाहिजे, तेच काम “कोणीही करील” या सदरात पडले. आणि “कोणीही” म्हणजे कोण, हे आपण सर्व जाणतो. ज्याला जमीन नाही, ज्याचा वशिला नाही, ज्याच्या घरी संध्याकाळचे पीठ नाही, तो. मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो. गरिबी वाढली तशी ही खालची पायरी रुंद झाली आहे एवढेच. पायरी मोडलेली नाही.

आता नव्या काळच्या पंचायती घेऊ. मोंढ्यातले व्यापारी-संघ भाव, तोलाई, अडत आणि बंद यांबद्दल मोठे जागरूक असतात. त्यात वाईट काही नाही. धन्यांनी आपले हित पाहावे हे स्वाभाविक आहे. परंतु थप्पीवरून पोते कोसळून हमालाचा पाय मोडला, तर थप्पी किती उंच लावावी याचा ठराव असा संघ क्वचितच करतो. हमालांच्या बाजूने जे झाले ते लढ्याने झाले. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बंदरातल्या आणि बाजारांतल्या डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांस संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यात मंडळाची कल्पना फार चांगली आहे: धनी आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी, सोबत सरकारचे, धन्याने मजुरीवर लेव्ही भरावयाची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस द्यावयाचा. विस्कळीत हमालास या कायद्याने हजेरी, हिशेब आणि म्हातारपणचा आधार दिला. याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. मात्र त्या कायद्याच्या प्रस्तावनेत आरोग्य आणि सुरक्षितता यांच्या उपायांचाही उल्लेख आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. मंडळांचे चित्त लेव्हीच्या वसुलीत गुंतले आणि तो शब्द प्रस्तावनेतच राहिला.

तरीही हमालांच्या चळवळीनेच एक गोष्ट सिद्ध केली, ती येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. शंभर किलोचे पोते पाठीवर घेणे हा एके काळी मोंढ्यातला रिवाज होता आणि तो मर्दपणाचा दाखला समजला जात असे. चाळिशीत कंबर गेलेली माणसे घरोघर दिसत, पण तो वयाचा दोष समजला जाई. जागतिक कामगार संघटनेने १९६७ साली माणसाने वाहावयाच्या ओझ्याबद्दल करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगितली. हिंदुस्थानने त्या करारास २०१० साली मान्यता दिली. पण करार मोंढ्यात आपणहून चालत येत नसतो. सत्यशोधक विचाराचे बाबा आढाव यांनी पुण्यात उभी केलेली हमाल पंचायत आणि तिच्या धर्तीवरच्या इतर संघटना यांनी पन्नास किलोच्या गोणीचा आग्रह वर्षानुवर्षे धरला, तेव्हा कोठे शंभर किलोचे पोते मागे हटू लागले. येथे नियम कोणी केला यापेक्षा तो कोणी पाळावयास लावला हे महत्त्वाचे आहे. ज्यांची पाठ मोडत होती त्यांनीच एकवटून “हे उचलणार नाही” असे सांगितले. काम नाकारण्याची ताकद ज्या पंचायतीत आहे, तीच नियमन करू शकते.

बांधकामाकडे वळा. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक उपकर घेण्याची व्यवस्था झाली आणि महाराष्ट्रात बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ २०११ साली अस्तित्वात आले. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणावा, नोंद करावी आणि मुलांची शिष्यवृत्ती, दवाखान्याचा खर्च, मृत्यू झाल्यास वारसांना मदत असे लाभ घ्यावेत. लाभ खरे आहेत आणि कित्येक गरीब घरांना ते पोहोचले आहेत. मंडळ सुरक्षा संचही देते; त्यात शिरस्त्राण असते. परंतु परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, कोठेही चालू बांधकामापाशी उभे राहून पाहा. परांची बांबूची आणि सुतळीने बांधलेली. तिसऱ्या मजल्याच्या कडेवर गवंडी अनवाणी. घमेले घेऊन चढणाऱ्या बाईच्या डोक्यावर पदर, शिरस्त्राण घरी कोनाड्यात. ते वापरले जाते की नाही, परांचीस कठडा आहे की नाही, हे पाहावयास मंडळाचा माणूस येत नाही. भांड्यांचा संच वाटला की चावडीपुढे रांग लागते, फोटो निघतात; परांचीवरून कोणी पडला नाही याचा फोटो निघत नाही. मंडळ कल्याण वाटते, पण अपघात रोखत नाही. मेल्यावर पैसा देणे आणि मरू न देणे ही दोन निराळी कामे आहेत.

विजेच्या कामात तर परवानाही आहे. तारांची जोडणी करण्यास सरकारी परवाना लागतो, परीक्षा द्यावी लागते, कंत्राटदाराची नोंद होते. कागदावर पाहता हा धंदा चांगला बांधलेला आहे. पण खेड्यात डीपीचा फ्यूज उडाला आणि पिकाला पाण्याची पाळी असली, म्हणजे खांबावर चढतो कोण? ना परवाना, ना पगार, ना हातमोजे, असा गावातला एखादा चलाख पोरगा. लोक त्याला “झिरो वायरमन” म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याने सर्व व्यवस्थेचे वर्णन एका शब्दात केले आहे. पोरगा खांबाला चिकटला तर तो कोणाचाच नोकर नसतो. परवान्याची विद्या शहरात राहिली आणि विजेचा धक्का खेड्यात आला.

विहिरीचे कामही तसेच. यारी लावून कठीण खडक फोडावयाचा तर सुरुंग लागतो. स्फोटकांच्या २००८ च्या नियमांप्रमाणे सुरुंग उडविणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. पण यारीचा तारदोर किती दिवसांचा आहे, वरच्या काठावरचे दगड बाजूला केले आहेत की नाही, न उडालेला सुरुंग राहिला असता किती वेळ थांबावे, हे पाहणारी यारीवाल्यांची पंचायत कोठे आहे? विहिरीला अनुदान मंजूर करताना सरकार खोली मोजते, व्यास मोजते, सातबारा पाहते. खाली उतरणाऱ्या माणसाचा विमा आहे काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

नवी संहिता आली आहे, ती सर्व पाहून घेईल, असे काही मंडळी म्हणतात. कामाच्या जागेची सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची स्थिती यांबद्दलची २०२० ची केंद्रीय संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि कारखान्यांचा १९४८ चा व बांधकामाचा १९९६ चा कायदा तिच्यात सामावले गेले. तिच्यातला आकडा पाहावा. सुरक्षा अधिकारी नेमावयाचा तो ५०० कामगारांच्या कारखान्यात, धोक्याच्या धंद्यात २५० असतील तेथे, बांधकामावर २५० असतील तेथे. संहिता साधारणपणे लागू होते तीच मुळी दहा किंवा अधिक कामगार असतील तेथे. धोक्याच्या कामासाठी सरकारने वेगळा हुकूम काढला तर गोष्ट निराळी. सोनपेठच्या टाकीवर सहा माणसे होती. यारीवर पाच-सहा असतात. खांबावर एक असतो. आमच्या जिल्ह्यात मरणाचे काम लहान टोळ्यांत होते आणि कायद्याची नजर मोठ्या हजेरीपटावर असते. म्हणूनच लहान टोळ्यांस बांधणारी धंद्याची पंचायत पाहिजे. सरकारी अधिकारी प्रत्येक शेतात पोहोचणे शक्य नाही.

मग अशी पंचायत चांगली चालते केव्हा? येथे १८८४ सालच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. त्या साली जुलै महिन्यात जर्मनीत कामगारांच्या अपघात-विम्याचा कायदा झाला. त्याने प्रत्येक धंद्यातील सर्व धन्यांना एका मंडळात सक्तीने गोवले. कामगार जखमी झाला वा मेला तर भरपाई त्या मंडळाने द्यावयाची आणि मंडळाचा पैसा धन्यांनी भरावयाचा. ज्या धंद्यात धोका जास्त त्याने वर्गणी जास्त द्यावयाची. परिणाम काय झाला? निष्काळजी धन्याच्या चुकीचा भुर्दंड शेजारच्या धन्यास बसू लागला. तेव्हा धनीच एकमेकांवर नजर ठेवू लागले. मंडळांनी यंत्रांना जाळी लावण्याचे नियम केले, आपले तपासनीस नेमले, न ऐकणाऱ्यास दंड केला. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्या मंडळांच्या कारभारात कामगारांना निम्मा वाटा मिळाला. ती मंडळे आजही चालू आहेत.

त्याच १८८४ साली, सप्टेंबर महिन्यात, मुंबईस परळ येथे गिरणी-कामगारांच्या सभा भरल्या. त्या भरविणारे नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे चालक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी तयार केला. रविवारची सुट्टी मागितली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यापैकी रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी पदरात पडली. पण त्या अर्जात आणखी एक मागणी होती, तिची आठवण कोणी काढत नाही. कामावर जखम होऊन जो कामकरी पडून राहील त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या पोटाची सोय करावी. म्हणजे जर्मनीच्या पार्लमेंटास जे सुचले, तेच आमच्या परळच्या कामकऱ्यांस त्याच साली सुचले होते. त्या वेळी मुंबईत गिरणी-मालकांचा संघ होता; १८७५ पासून तो चालू होता. धंद्याची पंचायत नव्हती असे नाही. परंतु मेलेल्याचे देणे तिच्या थैलीतून जात नव्हते. ती मागणी कायद्यात उतरावयास १९२३ साल उजाडले. आणि तेव्हाही भरपाई प्रत्येक धन्यावर वेगवेगळी बसली. सबंध धंद्यावर नाही. म्हणून लहान कंत्राटदार “माझ्याजवळ काही नाही” म्हणून हात वर करतो आणि विधवा कोर्टाच्या पायऱ्या झिजविते.

यावरून आमचा सिद्धांत असा आहे: ज्या पंचायतीला मेलेल्या कामकऱ्याच्या बायकापोरांचे देणे स्वतःच्या थैलीतून द्यावे लागते, तीच जिवंत कामकऱ्याचा दोर तपासते. बाकीच्या पंचायती शोकसभा भरवितात.

आपखुशीवर सोडलेल्या संघाची गोष्टही ऐकावी. लंडनमध्ये १६ मे १९६८ रोजी रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट होऊन एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चार माणसे मेली. त्यानंतर १९७० साली गॅस जोडणाऱ्या कारागिरांची नोंद करणारी संस्था निघाली. नोंद ऐच्छिक होती. तेव्हा जे मूळचेच सावध तेच तीत आले. जे बेफिकीर ते बाहेर राहिले आणि स्वस्तात काम करीत राहिले. शेवटी १९९१ साली नोंद सक्तीची करावी लागली आणि २००९ साली ते कामच त्या संस्थेकडून काढून सरकारी देखरेखीखालच्या नव्या नोंदवहीकडे दिले. इंग्रजांसारख्या संघप्रिय लोकांस हा धडा शिकावयास एकवीस वर्षे लागली. आम्ही तो फुकट शिकावा.

आमच्यावर तीन आक्षेप येतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा की नियम कडक केले तर गरिबाचे काम जाईल. खरे पाहता काम जात नाही, टाकी भरावयाची थांबत नाही. फक्त ती माणसाऐवजी यंत्राने उपसावी लागते आणि यंत्र चालविण्यासही माणूसच लागतो. मैला उपसणाऱ्या गाडीवर तोच मजूर चालक व्हावा, ही आमची मागणी आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: परवाना आणि पंचायत म्हटली की ती नवी जात होते, आतले बाहेरच्यांस दार बंद करतात आणि शिकले-सवरलेले परवाना मिळवून गरिबाकडूनच काम करवून घेतात. ही भीती खरी आहे. झिरो वायरमन हा तिचाच पुरावा. म्हणून परीक्षा मराठीत, तोंडी आणि हातच्या कामाची असावी, फी नसावी, शिकविणे सरकारच्या खर्चाने तालुक्याच्या गावी व्हावे, आणि परवाना ज्याच्या नावाचा त्यानेच कामावर हजर असावे. तिसरा आक्षेप नेहमीचा: मजूरच ऐकत नाहीत, शिरस्त्राण घालीत नाहीत, दारू पितात. ज्याला ठेक्याने पैसे मिळतात आणि उशीर झाला तर उद्या बोलावणे येत नाही, तो घाई करणारच. “उतर रे, धा मिन्टाचं काम हाय” असे म्हणणारा मुकादम वर उभा असतो. त्याच्यावर ऐकण्याची सक्ती करा, मग मजुरास उपदेश करा.

आता नुसती टीका करून भागणार नाही. परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपुरते तरी पुढील गोष्टी करण्यासारख्या आहेत आणि त्यांना फार मोठा पैसा लागत नाही. मैल्याची टाकी उपसणे, विहीर खोदणे, खांबावर चढणे आणि परांचीवर काम करणे, या चार धंद्यांची जिल्ह्यात एकेक नोंदवही करावी. नोंद नसलेल्याने काम घेऊ नये व नोंद नसलेल्यास काम देऊ नये. प्रत्येक धंद्यातले कंत्राटदार एका निधीत सक्तीने वर्गणी भरतील आणि अपघाताची पहिली मदत आठ दिवसांच्या आत त्यातून जाईल असे करावे. निधीच्या समितीत निम्मे लोक हातांनी काम करणारे असावेत. नावाचे पुढारी नव्हेत. त्यांच्यापैकी कोणासही धोका दिसताच काम थांबविण्याचा हक्क असावा आणि थांबविल्याबद्दल त्याची मजुरी कापू नये. महानगरपालिका व नगरपरिषदा यांनी मैला उपसण्याची गाडी ठरलेल्या दराने आसपासच्या खेड्यांसही द्यावी. शेतकऱ्यास गाडी मिळत नाही म्हणून तो माणूस बोलावतो.

आणि एक गोष्ट तर सरकारची वाट न पाहता ग्रामसभेने आजच करावी. नवीन संडास बांधताना मोठ्या बंद टाकीऐवजी दोन शोषखड्ड्यांचा बांधावा. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरावयाचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते आणि ते काढण्यास कोणास विषात उतरावे लागत नाही. आमच्या काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा जरा मोठा घ्यावा व भोवती वाळूचा थर द्यावा. पिण्याच्या विहिरीपासून तो दूर ठेवावा. ज्या घरात असा संडास आहे त्या घराने एका माणसाचा जीव वाचविण्याची तजवीज आधीच केली आहे असे समजावे.

बहुजन समाजातील गवंडी, हमाल, यारीवाले, वायरमन बंधूंना आणि घमेले वाहणाऱ्या भगिनींना आमचे सांगणे थोडक्यात असे. तुमच्या नावाने वर्गणी घेणाऱ्या प्रत्येक संघाच्या पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा: गेल्या वर्षी धोका पाहून तुम्ही कोणते काम थांबविले? आणि आमच्यापैकी एखादा मेला तर संघाच्या थैलीतून किती रुपये जातील? दोन्हींचे उत्तर “नाही” असे आले, तर तो संघ तुमचा नव्हे. तेथे वर्गणी देण्यापूर्वी आपल्या टोळीतली चार माणसे एकत्र करून स्वतःचा नियम करा: वायू तपासल्यावाचून खाली उतरणार नाही, कमरेला दोर आणि वर दोन माणसे असल्यावाचून उतरणार नाही, मैल्याच्या टाकीत तर मुळीच उतरणार नाही. चार टोळ्यांनी हा नियम पाळला की तालुक्यात त्याचा बोलबाला होईल, आणि चाळीस टोळ्यांनी पाळला की कंत्राटदारांचा संघ आपण होऊन तुमच्या दारी बोलणी करावयास येईल.

मैल्याच्या टाकीच्या तळाशी जात नसते, धर्म नसतो आणि मागचा जन्मही नसतो. तेथे वायू असतो. त्याचा बंदोबस्त यंत्राने होतो, दोराने होतो आणि “नाही” म्हणण्याच्या हक्काने होतो. तो हक्क ज्यांच्याजवळ नाही त्यांना तो मिळवून देणे, हेच आजच्या घटकेस धंद्याच्या पंचायतीचे पहिले काम आहे.